‘प्रोट्रूड’साठी एक वाक्य

कोशाच्या कचेरीत सगळे तिला वाक्यवाली म्हणत. काम तसंच होतं तिचं. इंग्रजी-अरबी कोशातल्या प्रत्येक शब्दाला तिनं एक साधं इंग्रजी वाक्य द्यायचं आणि समोरच्या टेबलावरच्या मास्तरांनी त्याचं अरबी करायचं. मास्तर म्हणजे जुनं खोड. नुसतं वाक्य वाचून भाषांतर करणं त्यांना मंजूर नव्हतं. आधी करून दाखव, मग लिहितो, हा त्यांचा नियम. माणूस लंगडतो म्हटलं की खोलीभर लंगडायचं. पोटासाठी माणूस काय काय करतो! वाक्यवाली या नोकरीत गाढवासारखी ओरडलीही होती आणि मास्तरांनी गंभीर चेहऱ्यानं त्याचं अरबी उतरवून घेतलं होतं.

त्या दुपारी ‘प्रोट्रूड’ आलं. एखादी गोष्ट पुढे येणं, बाहेर डोकावणं. भिंतीतून खिळा बाहेर आलाय म्हटलं की झालं. अशी खंडीभर वाक्यं तिच्या जिभेवर होती. पण तिच्या मनात सध्या एकच गोष्ट घर करून बसली होती. तिच्या गळ्याला डावीकडे गाठ आली होती. तलखीच्या दिवसांतही बाई गळाबंद कपडे घालून घाम पुसत बसायची. आईलाही तशीच गाठ आली होती. आईनं दुखणं अंगावर काढलं आणि दाखवलं तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. हे डोळ्यांदेखत पाहूनही हिची आपली झाकली मूठ सव्वा लाखाची! आईचं सगळं जिनं निस्तरलं, त्या थोरल्या बहिणीलाही तिनं अवाक्षर सांगितलं नव्हतं. बोललं की ते खरं होणार, असं तिच्या मनानं घेतलं होतं. शिकल्यासवरल्या माणसाचं डोकंसुद्धा कधीकधी शेण खातं, दुसरं काय.

तिनं इंग्रजीत लिहिलं, तिच्या गळ्यातून एक गाठ बाहेर आली आहे. परक्या भाषेत लिहिलं की ते कुणाचंच नसतं, अशी तिची समजूत.

मास्तरांनी वाचलं आणि नेहमीसारखं ‘दाखव’ म्हणाले. हवेतच बोट फिरवून ती वेळ मारून नेणार होती. पण बोट सरळ कॉलरच्या आत गेलं, न चाचपता नेमक्या जागी टेकलं आणि तिथून हलेना. मास्तरांनी पेन खाली ठेवलं. कधीपासून आहे, असं त्यांनी विचारलं. अहो, नुसतं उदाहरण आहे, ती म्हणाली. त्यांनी वाद घातला नाही. तिच्याकडे बघत त्यांनी ते सावकाश अरबीत म्हटलं. “तबरुज़ु कुतलतुन मिन रक़बतिहा.” इतक्या वर्षांच्या शेजारानं तेवढं अरबी तिला कळत होतं. कागद ओढून घेत ती म्हणाली, खिळ्याचं लिहिते.

“खिळ्याचंच लिही,” मास्तर म्हणाले. “हे मी कोशात घालणार नाही. छापलेलं वाक्य आहे तसंच राहतं. तुझं तसं राहायला नको. कुणाला तरी सांग आधी.”

मग ते चहाला म्हणून उठले आणि जाताना दार ओढून घेतलं. दुपारी खुर्ची न सोडणारा माणूस तो.

तिनं ताईला फोन लावला. ताईनं नेहमीचं पुराण लावलं, गुडघे, शेजारीण, गळका नळ. वाक्यवाली ऐकत राहिली. तेच वाक्य इंग्रजीत लिहून झालं होतं, अरबीत ऐकून झालं होतं, पण आपल्या भाषेत म्हणायला जीभ उचलेना. भीतीनं तिला रडू येत होतं.

“ताई,” ती एकदाची म्हणाली, “माझ्या गळ्याला गाठ आलीय.”

ताई रडली नाही की रागावली नाही.

“कुठल्या बाजूला?”

“डावीकडे.”

“माझी उजवीकडे आहे,” ताई म्हणाली. “तुला कसं सांगू, तेच कळत नव्हतं गं.”