विम्यातली आई

खुब्याचं हाड मोडलं तेव्हा गजराबाईंचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं. टाके निघाले, पण पाय उचलेना. व्यायाम करवून घेणारं कुणीतरी जवळपास बघा, असं डॉक्टरांनी सांगितलं. तामलवाडीत तसं कुणी नव्हतं. लेकीनं, सोनालीनं, चार ठिकाणी विचारलं तेव्हा तुळजापुरातल्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमचा पत्ता लागला.

"तिथं विमा चालतो का इचार," गजराबाई म्हणाल्या. "शिवराजनं मला न् तुझ्या आबाला कंपनीच्या विम्यात घातलंय."

पुण्याला नोकरी लागली तेव्हा लेकानं हे सांगितलं होतं. साऱ्या भावकीला ते ऐकवताना गजराबाईंचा ऊर भरून यायचा.

तुळजापूरला गेल्यावर सोनालीनं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "ऑपरेशननंतरचा व्यायाम काही विम्यांत बसतो. कार्ड बघू द्या."

कार्ड कधी आलंच नव्हतं. शिवराज फोन उचलेना, म्हणून सोनालीनं वहिनीला लावला. आईला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू ठेवला.

"कार्ड?" वर्षाराणी गोंधळली. "ताई, विम्यात तर माझे आई-पप्पा आहेत. कंपनी एकच जोडी घेते, आई-वडील नाहीतर सासू-सासरे. लग्नानंतर ह्यांनी नावं बदलली. आईंना विचारूनच केलं म्हणाले की."

सोनालीनं घाईघाईनं फोन बंद केला. गजराबाईंनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मग म्हणाल्या, "मॅडम, करा सुरू."

मॅडमनी गुडघा हळूच वाकवला. गजराबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"खूप दुखतंय का?" मॅडमनी विचारलं.

"पाय न्हाय दुखत."

संध्याकाळी शिवराजचा फोन आला. "आई, तिच्या पप्पांना हार्टचा त्रास होता. तुझ्या व्यायामाचे पैसे मी देतो ना."

"पैशाचं न्हाय रं. म्याच म्हणलं असतं, त्यांची नावं घाल. पर ह्या पायाच्या येळीबी तू म्हणलास, विमा हाय, पर सरकारीत डॉक्टर चांगले हायेत. म्या लेकाचं खरं मानलं."

"तुला वाईट वाटलं असतं, आई."

"मग आता काय वाटतंय मला?"

गजराबाईंनी फोन सोनालीकडं दिला.

व्यायाम त्यांनी एक दिवसही चुकवला नाही. दिवाळीला शिवराज आला तोवर त्या काठी टेकत दारापर्यंत यायला लागल्या होत्या. त्याला बघून त्यांनी पदर सावरला.

"या," त्या म्हणाल्या. "बसा. पाणी आणते."

पिशव्या हातात धरून शिवराज उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.