कोरफडीने सुचवलेली जागा

कुंड्यांत झाडं लावणाऱ्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर नाताळची वर्गणी कुणाला द्यायची, यावर मतदानाआधी चर्चा रंगली होती. ‘कोरफड’ नावाने लिहिणाऱ्या कुणीतरी गावातलंच, अंधांना वाचून दाखवणारं एक केंद्र सुचवलं. ग्रुप चालवणाऱ्या शिंपीणताईंनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. राहवेना, म्हणून दुकान नवऱ्यावर सोपवून त्या बघायलाच गेल्या.

छापखान्यावरच्या खोलीत एक निवृत्त पोस्टमन मोबाइलवरून वाचत होते आणि पाच-सहा जण कान देऊन ऐकत होते. ताई चमकल्या. वाचन चाललं होतं त्यांच्याच ग्रुपवरच्या, गुलाबाच्या किडीच्या वादाचं.

“त्या गुलाबवालीला लिहा, पानामागे बोट फिरवून बघ, चिकट लागतंय का,” कोपऱ्यातल्या अंध आजी म्हणाल्या. पोस्टमननी लिहिलं. ताईंच्या फोनवर कोरफडीचं उत्तर उमटलं.

“आजी, कोरफड म्हणजे तुम्ही? ग्रुपवर कधी सांगितलं नाहीत ते?”

“कुणी विचारलं नाही. आता मतदान होईपर्यंत तूही बोलू नकोस. कीव करून दिलेलं नको मला.”

ताईंच्या पोटात गोष्ट मावत नव्हती, तरी त्यांनी ब्र काढला नाही. वर्गणी त्या खोलीलाच मिळाली. मग आजींनी स्वतःच सगळं सांगून टाकलं, तेव्हा कुठे ताईंना मोकळं वाटलं.