चार फायली, एक बाई

माझ्या चार फायली होत्या. दुखऱ्या गुडघ्यांची निळी, नडग्यांवर येणाऱ्या लाल गाठींची हिरवी, रक्त कमी असल्याची गुलाबी आणि पाळी चुकायला लागल्यावर उघडलेली पिवळी. हाडांच्या डॉक्टरांकडे फक्त निळी न्यायची, त्वचेच्या डॉक्टरांकडे फक्त हिरवी. गोष्ट २००३ सालची. मी हिंजवडीला सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करायचे. तिथे नियम होता की एका नोंदीत एकच चूक लिहायची. दोन एकत्र लिहिल्या तर प्रोग्रॅमर दोन्हींकडे काणाडोळा करतात. हा नियम मी स्वतःच्या शरीरालाही लावून टाकला होता. हुशारी म्हणतात ती हीच.

पोटाची मात्र फाईलच नव्हती. वर्षभर दिवसातून सात-आठ वेळा जावं लागत होतं, रक्तही पडायचं. मूळव्याध असेल असं मीच ठरवलं आणि कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. ऑफिसात टॉयलेटजवळची जागा मागून घेतली, आणि कारण काय दिलं, तर म्हणे एसीचा वारा लागतो.

घरात सासूबाई होत्या. सरुबाई. बिबवेवाडी गाव पुण्यात शिरलं, त्यांच्या शेतावर इमारती उठल्या आणि एका इमारतीत आम्हाला फ्लॅट मिळाला. गोठा गेला, म्हशी गेल्या. आता राखायला सूनच काय ती उरली, असं मी साईनाथला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, चिडून म्हणायचे. कारण सासूबाई टीव्हीकडे पाठ करून, संडासाच्या दाराकडे तोंड करून तांदूळ निवडत बसायच्या. मी आत गेले की बघायच्या, बाहेर आले की बघायच्या. बोलायच्या काही नाहीत. मी वाशिमची, चार माणसांत मोकळेपणाने वाढलेली. मला हा पहारा अगदी नकोसा व्हायचा.

जानेवारीत डावा डोळा लाल झाला. औषधाच्या दुकानात ‘डोळे आलेत’ म्हणून थेंब मिळाले, ते आठवडाभर टाकले. मग ट्यूबलाईटही सोसेना. स्क्रीनवरची अक्षरं भजी ठेवलेल्या कागदातून बघावीत तशी दिसू लागली. शेवटी शनिवार पेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघाले, तर सासूबाई न सांगता चपला घालून तयार.

“एक डोळा झाकून रस्ता वलांडणार व्हय गं तनुजा?”

डॉक्टर अस्सल पुणेरी. “आठ दिवस कशाची वाट बघत होतात? दुसरा लाल होण्याची?” असं म्हणत त्यांनी माझी हनुवटी यंत्रावर टेकवली. एकदा बघितलं, दिवा बदलून पुन्हा बघितलं.

“डोळे आलेले नाहीत. डोळ्याच्या आत सूज आहे. दुर्लक्ष झालं तर नजर जाऊ शकते.”

डोळ्यांवरच तर माझी नोकरी होती.

“अशी सूज कधी कधी शरीरात दुसरीकडे काही चालू असलं की येते,” ते म्हणाले. “ते कळायला हवं, नाहीतर ही पुन्हा पुन्हा येईल. सांधे दुखतात?”

“ती वेगळी फाईल आहे. घरी आहे.”

“वा! पोट कसं आहे?”

“ठीक आहे,” मी म्हणाले.

“ठीक?” सासूबाई स्टुलावरून उठल्याच. “डाक्टर, ही खोटं बोलती. दिसातनं आठ-आठ येळा संडासला पळती. रगत पडतंय, पाणी नीट सोडत न्हाई, म्या माझ्या डोळ्यानं बघितलंय. पोट बिघाडलं की आठ दिसांत गुडघं सुजत्यात, नडगीवर गाठी येत्यात. ह्या टायमाला डोळा धरलाय.”

कंपाउंडर दारात उभा होता. धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं, असं झालं.

“आई, गप्प बसा ना!”

“का म्हून? म्हशीचं पोट बिघाडलं, पाय सुजला, दूध आटलं, तर आमी काय तीन डाक्टर बलावत हुतो? गुरांचा डाक्टर आधी श्याण बघायचा, मग म्हस!”

डॉक्टर पहिल्यांदा हसले. “आजी, तुम्ही रोज येत जा,” म्हणाले आणि पोटाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहू लागले.

दुर्बिणीने तपासणी झाली. मोठ्या आतड्याला जुनी सूज होती, व्रण होते. पोटाच्या डॉक्टरांनी चारही फायली एकावर एक ठेवून वाचल्या. सांधे, गाठी आणि डोळा ही त्याच आजाराची पिल्लं; रक्त कमी झालं ते वर्षभर वाहून गेल्यामुळे; आणि अशा अशक्तपणात पाळी तरी कशी जागेवर राहणार? “हा आजार मुळासकट जात नाही, पण काबूत राहतो,” ते म्हणाले. “वर्षभर का लपवलंत?” मी फायली गोळा करू लागले.

पोटाच्या गोळ्या सुरू झाल्या, डोळ्यात दर तासाला थेंब. घड्याळ मांडीवर घेऊन सासूबाई बसायच्या, आणि मी आता त्यावर एक अक्षर बोलत नव्हते. पोट निवळत गेलं. डोळ्याचं मात्र पेठेतले डॉक्टर काही कबूल करत नव्हते. “बघू” एवढंच म्हणायचे.

सहा आठवड्यांनी त्यांनी माझा उजवा डोळा झाकला आणि डाव्याने समोरचा तक्ता वाचायला सांगितला. वरच्या ओळी सरळ गेल्या. खालून दुसऱ्या ओळीला मी अडखळले. पापण्या मिटल्या, उघडल्या, पुन्हा वाचलं. मग शेवटचीही ओळ वाचली.

“उत्तम,” डॉक्टर म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून पेठेत किती जणांनी ऐकला असेल कोण जाणे.

मी मान वळवली. उजवा डोळा अजून झाकलेलाच होता. त्या एकट्या डाव्या डोळ्याला सासूबाई स्वच्छ दिसल्या: कोपऱ्यात उभ्या, पदराचा बोळा तोंडाशी धरलेला, गालांवरून पाणी घरंगळत होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

“आई?”

“औषधाचा वास लई हाय हितं,” त्या म्हणाल्या.

मी उठून तिथेच त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. एरवी मी सणावारी पाया पडायचे, ते रीत म्हणून. त्या दिवशी साधा मंगळवार होता.