शेजारचा तारा

धम्मदीपानं दुसऱ्या ताऱ्याचा आलेख उघडला, आणि तिथंही तीच उडी होती. त्याच दिवशी, त्याच प्रमाणात. तिनं लॅपटॉप मिटला, पुन्हा उघडला. आलेख काही बदलला नाही.

पल्सार म्हणतात ते असले तारे स्वतःभोवती गरगर फिरतात आणि त्यांचे रेडिओ लहरींचे ठोके वर्षानुवर्षं ठरल्या वेळी येतात. क्वचित एखादा अचानक जरासा वेग घेतो. ती उडी इतकी बारीक, की कच्च्या ठोक्यांत डोळ्यांना दिसत नाही. उडी झाली असं धरून एकदा आणि झालीच नाही असं धरून एकदा हिशेब मांडायचा, आणि आकड्यांना जास्त काय पटतं ते बघायचं. पीएचडीची सगळी वर्षं तिनं हेच केलं होतं. हाती एकच उडी लागली होती आणि तिच्यावरच प्रबंध उभा होता. पण दोन तारे एकमेकांना विचारून उड्या मारत नाहीत. उडी ताऱ्याची नव्हतीच; चुकलं होतं ते दुर्बिणीचं घड्याळ.

ती इतकी थकली होती की रडूही येईना.

बाहेर ओट्यावर तिचे वडील, उकंडराव, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून सकाळपासूनच तयार बसले होते. संध्याकाळी विहारात या शोधासाठी तिचा सत्कार होता. अनसिंगच्या चौकात फ्लेक्स लागला होता आणि त्यावर ती होती त्यापेक्षा बरीच गोरी दिसत होती. पोरगी तिकडं करते तरी काय, लग्न कधी, या प्रश्नांना तोंड देऊन देऊन उकंडराव विटले होते. आज एकदाचं उत्तर मिळालं होतं.

तिनं जवळ बसून सगळं सांगितलं. त्यांनी आपल्या चपलांकडे बघत विचारलं,

"हे कोनाले कयलं असतं का?"

"इतक्यात तरी नाई."

"मंग शेजारचा तारा तपासाले तुले कोनं सांगतलं?"

"कोनंच नाई."

"मंग काहून पाह्यला?"

तिला स्वतःचाच राग आला. एक दिवस थांबली असती तर काय बिघडलं असतं?

उकंडरावांनी उठून सतीशला फोन लावला. कार्यक्रमाची सगळी धावपळ त्याचीच होती. सत्कार राहू दे म्हटल्यावर त्याची चिडचिड ओट्यापर्यंत ऐकू आली. मांडव घालून झाला होता, मेडशीहून पाहुणे निघाले होते.

"चूक माही हाये, बापू," उकंडराव म्हणाले. "पोरगी अजून तपासूनच राह्यली होती. शोध लागला असं मीच समजलो. तिनं तसं सांगतलंच नव्हतं."

तिनं अगदी तसंच सांगितलं होतं. फोनवर, हसत हसत, लागला शोध बाबा, असं म्हणाली होती. ती उठली आणि तिनं फोनसाठी हात पुढं केला.

उकंडरावांनी पाठ फिरवली आणि तेच पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं सांगितलं.