ज्या लेथवर मॅडम नापास झाल्या

मी एक जुना लेथ आहे, मित्रांनो. फिरत्या लोखंडी दांड्यावर पोलादी टूल टेकवायचं आणि तो दांडा हवा तेवढा बारीक, गोल आणि गुळगुळीत करायचा, हे माझं काम. तुमच्या घरच्या पाण्याच्या पंपात, तुमच्या शाळेच्या बसच्या चाकात माझ्यासारख्याच कुणीतरी घडवलेला एखादा तुकडा नक्की असेल. हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली मुलं मला पाहून 'हे काय आहे?' असं विचारतात आणि मग मला उगाच म्हातारं झाल्यासारखं वाटतं.

माझा जन्म राजकोटचा. तिथे तापलेल्या लोखंडाच्या रसातून मी ओतला गेलो, घासला गेलो, हिरव्या रंगाने नटलो आणि ट्रकमध्ये बसून भोसरीला अर्जुनरावांच्या शेडमध्ये आलो. अर्जुनराव रोज सकाळी मला हात लावून तो हात कपाळाला लावायचे आणि मगच बटण दाबायचे. माझ्या अंगावर कुणी चहाचा ग्लास ठेवला तर त्याची खैर नसायची. चाकणच्या मोठ्या कंपन्यांची माणसं यायची आणि म्हणायची, "राव, काम करावं तर तुमच्या लेथनं." हे ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. लोखंडाच्या अंगावर मांस कसं चढतं, ते विचारू नका.

पण सगळेच दिवस सारखे नसतात. आकडे भरले की आपोआप काम करणारी कॉम्प्युटरची मशीनं आली. ती शहाणी आहेत, मी नावं ठेवत नाही. फक्त त्यांच्याशी गप्पा मारता येत नाहीत, एवढंच माझं म्हणणं. मला कोपऱ्यात सरकवून वर ताडपत्री टाकली. पावसाळ्यात माझ्यावर ओल्या छत्र्या वाळायच्या, आणि लोखंडाचा कीस पडायच्या ट्रेमध्ये एका मांजरीने पिल्लं घातली. पिल्लं गोड होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण गंज अंगावर चढत होता आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. शेवटी भंगारवाला दारात आला, तेव्हा मात्र अर्जुनराव आडवे आले. "याला तोडायचं नाही. शिकणाऱ्या मुलांना देऊन टाकू," असं म्हणून त्यांनी मला चाकणजवळच्या एका प्रशिक्षण केंद्रात पाठवलं. तिथे सरकारच्या कौशल्य योजनेतून मुलामुलींना मशीनचं काम शिकवतात.

आणि तिथे मला वर्षाली भेटली.

वर्षाली मूळची लातूरकडची. लग्नानंतर मोशीत भाड्याच्या खोलीत राहायला आली आणि चाकणच्या एका कंपनीत लेथवर उभी राहिली ती कित्येक वर्षं. मग ती केंद्रात शिक्षकांची मदतनीस झाली. पहिल्याच दिवशी तिने डिझेल आणि चिंध्या घेऊन माझा गंज काढला, सांध्यासांध्यात तेल सोडलं आणि टूल पुढेमागे करायचं हँडल फिरवून पाहिलं. "अगं बाई, तुला खोड आहे होय!" ती हसून म्हणाली. खोड आहेच. माझ्या आतला स्क्रू झिजलाय. त्यामुळे हँडल उलटं फिरवलं की सुरुवातीला ते नुसतंच फिरतं, टूल जागचं हलत नाही. ज्याला हे ठाऊक नाही, त्याचा जॉब बिघडलाच म्हणून समजा. जॉब म्हणजे नोकरी नव्हे बरं, आम्ही मशीनवर घडणाऱ्या तुकड्याला जॉब म्हणतो. अर्जुनरावांना ही खोड कळायला आठवडा लागला होता. वर्षालीच्या हाताला ती लगेच कळली आणि त्या क्षणी ती मला फार आवडली.

काही दिवसांनी जुने शिक्षक केंद्र सोडून गेले. मुलींची नवी बॅच नाव नोंदवून बसली होती. पण नियम असा की ज्याच्याकडे सरकारमान्य प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र आहे, त्यानेच बॅच शिकवायची. तेव्हा वर्षाली परीक्षेला बसली. ती पास झाली तर बॅच सुरू होणार होती. नाही झाली तर मुली आपापल्या घरी, वर्षाली परत कंपनीच्या शिफ्टला आणि मी परत ताडपत्रीखाली.

परीक्षेचे दोन भाग होते. आधी स्वतः जॉब करून दाखवायचा, तो तिने डोळे झाकून केला असता. मग परीक्षकासमोर एका विद्यार्थिनीला शिकवायचं. निरंजन सर नावाचे शांत परीक्षक आले आणि त्याच बॅचमधली अपेक्षा माझ्यासमोर उभी राहिली. अपेक्षा आधी पॅकिंगच्या कामावर खोकी चिकटवायची. तिला मशीन चालवायचं होतं, पण मशीनची भीती वाटत होती. तिने हँडल जरा जास्त पुढे नेलं, मग घाबरून उलटं फिरवून त्यावर कोरलेल्या मापाच्या बरोबर आकड्यावर आणलं. झालं! आता माझी खोड तिचा घात करणार होती. टूल मागे आलंच नव्हतं.

वर्षालीने ते पाहिलं. कंपनीत वर्षानुवर्षं तिच्या कानात एकच मंत्र भरलेला होता, जॉब वाया जाता कामा नये. शिवाय पोरीची माया आलेली. "सरक, दे इकडं," असं म्हणून तिने हँडल हातात घेतलं. हँडल पुरतं मागे नेलं, परत पुढे आणलं, कट घेतला. असा सुरेख जॉब झाला की मीच खूश झालो.

निरंजन सरांनी तो मोजून पाहिला. "जॉब छान झाला, मॅडम," ते म्हणाले. "पण हा तुम्ही केला. हिला काय आलं?"

वर्षाली शिकवण्यात नापास झाली. पुन्हा एकदाच बसता येईल, असं केंद्राने सांगितलं. सगळे गेल्यावर ती माझ्याजवळ उभी राहून मला पुसत राहिली. मी स्वच्छ होतो, तरी पुसत राहिली. अपेक्षा दाराशी येऊन म्हणाली, "मॅडम, माझ्यामुळे झालं ना?" वर्षाली म्हणाली, "नाही गं. माझं काय चुकलं तेच मला कळंना झालंय." मित्रांनो, मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. मलाही कळलं नव्हतं.

ते कळलं खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सगळी मशीनं बंद असतात आणि त्यांची पूजा होते. माझ्या गळ्यात, म्हणजे जॉब घट्ट धरून फिरवणाऱ्या चकमध्ये, झेंडूचा हार आला. वर्षालीच्या घरमालकीण मंजुळाबाई मोशीहून नैवेद्याच्या पुरणपोळ्या घेऊन आल्या. त्या गावच्या जुन्या, शेतकरी घरातल्या आणि बोलायला मोकळ्या. पोळी खाऊन अपेक्षा म्हणाली, "आजी, काय मऊ केल्यात!"

"इकतच्या हायेत बाळा," मंजुळाबाई हसल्या. "मला कुठं येत्यात? साठी उलटली, पर न्हाई आल्या."

"काय सांगता मावशी!" वर्षाली म्हणाली. "सासूबाईंनी शिकवल्या नाहीत?"

"सासूचा लई जीव व्हता माज्यावर. माजी पोळी फाटाया लागली की म्हनायची, सरक पोरी, दे हिकडं. लाटणं घ्यायची न् झ्याक पोळी लाटून मोकळी. आमच्यात पोळी कंदी फाटली न्हाई बघ. ती गेली तवा कळलं, मला येतच न्हाई."

सगळे हसले. वर्षाली मात्र हातातली पोळी तशीच धरून माझ्या हँडलकडे बघू लागली.

दुसऱ्या परीक्षेआधी तिने सराव केला तो शिकवण्याचा नव्हे, हँडलला न शिवण्याचा! अपेक्षा हँडल धरायची आणि वर्षालीचा हात आपोआप पुढे यायचा. "मॅडम, हात!" अपेक्षा ओरडायची. तेव्हा ती जीभ चावून हात मागे घ्यायची. हाताला लागलेली सवय सुटता सुटत नाही, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मग तो दिवस आला. निरंजन सर वही घेऊन बसले. अपेक्षाने हँडल पुढे नेलं, आणि परीक्षेच्या धास्तीने पुन्हा तीच चूक! पुढे गेलेलं हँडल उलटं फिरवून तिने आकड्यावर आणलं. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती. वर्षालीचा उजवा हात वर आला. मी पाहिलं, तिने तो डाव्या हाताने मनगटापाशी धरला आणि पाठीमागे नेला. कट बसला. अपेक्षाने जॉब मोजला आणि तिचा चेहरा पडला. जॉब प्रमाणाबाहेर बारीक झाला होता, वाया गेला होता.

"मॅडम, आकडा तर बरोबर होता," ती रडवेली होऊन म्हणाली.

"होता की. मग असं का झालं?" वर्षालीने विचारलं. "मशीन बंद कर. हँडल उलटं फिरव आणि टूलकडं बघ. आकड्याकडं नको."

अपेक्षाने हँडल फिरवलं. मग पुन्हा एकदा, अगदी हळू. एकदम तिचे डोळे मोठे झाले. "मॅडम, हे नुसतंच फिरतंय! टूल हलतच नाहीये!"

"मग काय करशील?"

"पार मागे नेईन आणि परत पुढे आणीन." आणि कुणी न सांगता तिने दुसरा तुकडा चकमध्ये बांधला. या वेळी जॉब मापात आला. तो पहिल्या परीक्षेतल्या जॉबइतका सुरेख नव्हता. पण तो अपेक्षाचा होता.

"पहिला बिघडणार, हे तुम्हाला आधीच दिसलं होतं ना?" निरंजन सरांनी विचारलं.

"हो सर. जीव नुसता खालीवर झाला," वर्षाली म्हणाली. "पण उद्या कंपनीत ती एकटीच उभी राहणारंय. तिथं मी थोडीच असणारंय."

वर्षाली पास झाली. आता ती खरीखुरी वर्षाली मॅडम आहे, बॅच जोरात चालू आहे आणि माझ्या अंगावर दिवसभर नवशिके हात असतात. कुणी टूल उलटं बांधतं, कुणी मला नको तिथे तेल पाजतं. अंगावर रोज एखादा नवा ओरखडा पडतो. मित्रांनो, अर्जुनरावांच्या शेडमधल्या कौतुकाच्या दिवसांतही मी इतका सुखी नव्हतो. म्हणून एवढंच मागणं आहे. जुन्या यंत्रांना पुसा, तेल घाला, पण झाकून ठेवू नका. ओरखडे पडले तर पडू द्या. आणि तुमच्याजवळ कुणी शिकत असेल, चुकत असेल, तर तुमची माया लगेच त्याच्या हातावर ठेवू नका. त्या मायेला थोडा वेळ हात मागे बांधून उभं राहायला सांगा.