सोपं केलेलं गाव

"मम्मी, जिंकलीस! पेढे आण आता!" प्रतिक्षा ओरडली.

मोबाइलवरच्या खेळात माझं गाव उभं होतं. पूर, दुष्काळ, लांडगे सोसून चाळीस दिवस तगलेलं. बाराच्या बारा घरं, ओढ्यापलीकडचंसुद्धा. सात महिने मी हाच खेळ हरत होते. पण मन काही मानेना. शेवटच्या दिवशी कोठारात धान्य उरलंच कसं?

"खरं सांग, तू हात लावलास का खेळाला?"

"जरासा सोपा करून ठेवला गं. रोज हरून राहिलीस, मला बघवंना. अन् कुणाला काय कळतंय?"

"मला कळतंय ना!"

माझा आवाज इतका चढला की पोरगी दचकलीच.

मी ज्योती. डोंगरकड्याकडच्या एका उपकेंद्रात नर्स. एकोणीस वर्षं लशींचा डबा घेऊन वस्त्यांच्या वाटा तुडवते आहे. रुजू झाले त्याच दिवशी एक साहेब आडनाव विचारून हसत म्हणाले, "तुमचं काय बाई, तुमाला सगळं सवलतीत." तेव्हापासून ऐकतेच आहे. अडलेली बाळंतीण चिखलातून बाजेवर घालून आणली, तरी तेच. अरे, त्या चिखलानं दिली होती का मला सवलत?

म्हणून तर या खेळाचा नाद लागला. दिसायला अगदी दरिद्री. ठिपक्यांची चौकोनी माणसं, जुन्या खेळण्यासारखा टूं टूं आवाज. पण महाखट! एकदा केलेली चाल मागे घेता येत नाही, गाव गेलं की पुन्हा पहिल्या दिवसापासून. आडनाव मात्र विचारत नाही. हरले तर चूक माझी, जमलं तर तेही माझंच.

ओढ्यापलीकडचं घर विसाव्या दिवशी सोडून द्या, बाकीची वाचतात, असं सगळे खेळणारे सांगतात. मी नाही सोडत. आमची वस्तीही ओढ्यापलीकडेच होती, आणि लस तिथं नेहमी उरलीसुरली यायची. आता लस द्यायला निघाले की मी आधी शेवटचं घर गाठते, मग गावात शिरते. खेळातही तसंच करते.

मी खेळ होता तसा कठीण केला आणि ते जिंकलेलं गाव पुसून टाकलं.

"मम्मी! असं काहून केलंस?"

"साहेबाचं सोड गं, तो परका. तू तर माझं लेकरू. तुलाबी वाटलं, हिला सोपं करून दिल्याबिगर जमायचं न्हाई?"

तिचे डोळे भरले. वाईट वाटलं, पण राग काही उतरला नाही.

रविवारी दुपारी मी पुन्हा खेळायला बसले. ती गुपचूप शेजारी येऊन टेकली. एकविसाव्या दिवशी पाणी चढलं. मी धान्य आधी पलीकडे पोचवलं. तिनं काही सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. अलीकडची अकरा घरं धान्यावाचून एकेक करून उजाड झाली. पलीकडचं सगळ्यात शेवटी.

"हरलीस," ती हळूच म्हणाली.

"व्हय. मीच हरले," मी म्हटलं, आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून खेळ सुरू केला.