झोपाळू निळा

आमच्या ह्यांना सगळी गल्ली रंगारी म्हणते. कापड रंगवायच्या कारखान्यात तीस वर्षं शेड जुळवायचं काम केलं. गिऱ्हाईक बोटाएवढा तुकडा पाठवतं आणि हुबेहूब तोच रंग शे-दोनशे थानांवर, म्हणजे कापडाच्या ताग्यांवर, उतरवायचा असतो. त्यासाठी आता यंत्र आलंय, पण मालक शेवटचा शब्द ह्यांचाच घ्यायचा. त्याचा ह्यांना केवढा तोरा! यंत्राला म्हणे आकडे कळतात, रंग नाही.

कारखाना घराच्या मागेच. दुपारी जेवायला आले की अंगाला वाफेचा वास आणि नखं रोज वेगळ्या रंगाची. तीन वर्षांपूर्वी केव्हातरी ते खिशातून दोन तुकडे आणायला लागले. एक गिऱ्हाइकाचा, एक रंगाच्या हंड्यातून नुकताच काढलेला, अजून ओलसर. जेवण झालं की खिडकीशी बसून मला विचारायचे, यातला जास्त झोपाळू कोणता? कधी विचारायचे, कोणता रुसलाय? कोणाला जरा ऊन हवंय?

मला वाटलं, उतारवयात माणूस रंगात आलाय. आयुष्यभर कधी गोड बोलला नाही तो आता तुकड्यांच्या आडून बोलतोय. मीही उत्तरं द्यायचे. हा झोपाळू, तो नुकताच तोंड धुऊन आलेला. दुपारचा उजेड भिंतीवरून हळूहळू सरकायचा, लांब कुठेतरी पाणी गळायचं, आणि मांडीवर ते दोन तुकडे घेऊन बसलं की सगळी खोली पाण्याखाली गेल्यासारखी वाटायची. डोळे मिटले तरी निळं दिसत राहायचं. खरं सांगते, त्या अर्ध्या तासासाठी मी सकाळपासून वाट बघायचे.

मग गेल्या महिन्यात माझ्या बहिणीचा फोन आला. मी आतून ऐकत होते. हे तिला म्हणाले, हिला काय, दिवसभर घरीच तर असते. झालं! माझा राग नाकावरच असतो. दुपारी त्यांनी तुकडे पुढे केले आणि झोपाळू कोणता विचारलं. हंड्यातला गिऱ्हाइकाच्यापेक्षा चांगलाच झोपाळलेला होता, आंधळ्यालाही दिसेल इतका. मी साखरेत घोळवून सांगितलं, काही फरक नाही हो, अगदी जुळी भावंडं आहेत. म्हटलं, बघू पकडतात का. ते तुकडे खिशात घालून निघून गेले.

चौथ्या दिवशी ते भरदुपारी घरी आले आणि उद्यापासून जात नाही म्हणाले. कंटाळा आला. निवृत्तीचा फंड काढू आणि आरामात राहू. मी म्हटलं, बरं. मला वाटलं, आता दिवसभर तुकडे.

फंडाच्या ऑफिसात काचेपलीकडे एक बाई होत्या. त्यांनी ह्यांचं वय विचारलं. चोपन्न. बाई म्हणाल्या, अठ्ठावन्नच्या आधी पैसे काढले तर दहावा हिस्सा दंड कापला जातो, वर कर वेगळा. दहावा हिस्सा म्हणजे आमचा सहा महिन्यांचा घरखर्च. बाईंना दया आली असावी. म्हणाल्या, आजारपणामुळे स्वतःचं काम करता येत नसेल तर दंड माफ होतो. डॉक्टरची चिठ्ठी लागते आणि कारखान्याचा शिक्का. एरवीचा फॉर्म हिरवा आहे, आजारपणाचा निळा, त्या टेबलावरून हवा तो घ्या.

हे टेबलाशी गेले. दोन्ही गठ्ठे फिकट रंगाचे, पालथे ठेवलेले. ते उभेच राहिले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, यातला निळा कोणता?

मी हसून म्हणणार होते, तो काय, झोपाळू. पण ते खेळत नव्हते. घाबरले होते. आणि माझ्या डोक्यात तीन वर्षांच्या सगळ्या दुपारी एकामागून एक सरळ होऊन बसल्या.

मी त्यांना हाताला धरून बाकावर नेलं. त्यांनी खिशातून घडी पडलेली चिठ्ठी काढली. डोळ्यांच्या डॉक्टरची, तीन वर्षांपूर्वीची. अक्षरं दिसतील, माणसं दिसतील, रंग परत यायचे नाहीत. हा माणूस चिठ्ठी घेऊन आला होता आणि दाखवावी की नाही हे अजून ठरवत होता. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच. म्हणाले, दंड भरू, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हटलं, त्यातला दहावा हिस्सा हे लोक घेतायत.

मग त्यांनी कारखान्यातलं सांगितलं. मी जुळी भावंडं म्हटलेल्या निळ्याची दीडशे थानं गिऱ्हाइकानं परत पाठवली होती. मालक नुसता थानांकडे बघत राहिला.

‘अहो, त्या दिवशी मी मुद्दाम खोटं सांगितलं,’ मी म्हटलं.

‘माहीत होतं.’

‘कसं?’

‘चिडलीस की तू नको तितकी गोड बोलतेस.’

‘मग सगळा माल का रंगवलात?’

त्यांनी चिठ्ठीची पुन्हा घडी घातली. ‘तू खोटं बोलतेस असं म्हणायचं, तर मला दिसत नाही हे सांगावं लागलं असतं.’

मला इतका राग आला की रडूच आलं. त्यांचा आला, माझाही आला. दीडशे थानं आणि तीस वर्षांचं नाव, आणि मी फोनवरच्या एका वाक्यासाठी सूड घेत बसले होते. मी डोळे पुसले आणि म्हटलं, भरू या दंड. कोणाला कळायला नको. मी घरखर्च ओढून नेईन.

ते उठले. मला वाटलं, हिरवा मागतील. मी टेबलाकडे बोटही केलं नव्हतं, तोवर त्यांनी सरळ खिडकीशी जाऊन बाईंनाच सांगितलं, मला रंग दिसत नाहीत, आजारपणाचा फॉर्म तुम्हीच काढून द्या. आणि चिठ्ठी काचेखालून आत सरकवली.

बाईंनी तारीख वाचली. पुन्हा वाचली. म्हणाल्या, शिक्क्यासाठी हा कागद तुमच्या मालकाकडे जाणार, तो सगळं वाचणार. चिठ्ठी तीन वर्षांपूर्वीची आहे. मग इतके दिवस रंग जुळवायचं काम तुम्ही केलं कसं?

‘मी नाही केलं,’ ते म्हणाले. ‘हिनं केलं. तसंच लिहा.’

बाईंनी पेन उचललं आणि काचेतून माझ्याकडे बघून माझं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं.